मागचा क्रॉस लहानच ठेवावा

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, विज्ञान शाखेची पदवीधर, अविवाहित, गिअरबॉक्स आणि शाफ्ट दुरुस्तीच्या कारखान्याची अर्धी मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे कागदोपत्री नाव वकीलबाईंनी पहिल्या पानावर घातलेच आहे. घरात, कारखान्यात आणि शर्यतीच्या मैदानावर मला आक्का म्हणतात आणि पुढे मी तेच वापरते. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही आणि येत्या सोमवारी ती बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही. मीही गिऱ्हाइकांना हेच सांगते, म्हणून हा कागद.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव होता तो असले काही लिहू नये असा. माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, म्हणाली, "आत्या, झडपच बदलायचीय ना? तू तर इंजिन उतरवायचं असल्यासारखी तयारी चालवलीयस." मी तिला विचारले, गाडीच्या वायरीला हात लावण्याआधी तू बॅटरी सोडवतेस की नाही? ती म्हणाली, सोडवते. मग झाले तर.

याआधी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि, माझ्या स्वभावाप्रमाणे पुन्हा खाडाखोड करायची वेळ आली नाही तर, हेच शेवटचे.

कलम १. राहण्याची जागा. कारखान्याच्या वरच्या दोन खोल्या माझ्या एकटीच्या नावावर आहेत. त्या भाचीला द्याव्यात. घरात तिला बुटकी म्हणतात. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण लहानपणी पडलेले नाव पुसायचे कष्ट आमच्या घरात कोणी घेत नाही. खोल्यांचा जिना उभा आहे आणि कठडा हलतो. कठडा आधी दुरुस्त करावा, मग सामान हलवावे. खिडकीखालचे टेबल विकू नये. त्यावर तेलाचे डाग आहेत ते माझ्या कोपरांचे आहेत आणि ते जाणार नाहीत.

माझ्या भावजयीला, म्हणजे बुटकीच्या आईला, मी काही ठेवलेले नाही याचे कारण शेवटच्या कलमात येईल. ती मला एकदा म्हणाली होती, "आक्का, मला असं एक दार हवं, की मी ते लावलं तर कोणी ठोठावणार नाही." वरच्या एका खोलीची किल्ली मी परवाच तिच्या हातात दिली. बुटकीने ती परत मागू नये. माझ्या रोजनिश्याही भावजयीकडेच गेल्या आहेत. इतकी वर्षे ती विचारायची, "एवढं काय लिहिता हो रोज?" आता तिने वाचावे. काही गुपित सापडेल या आशेने घेतल्या तर मात्र निराशा होईल. बहुतेक पानांवर पाऊस, पोट आणि गिअर ऑइल एवढेच आहे.

कलम २. कारखाना. त्यातला अर्धा हिस्सा धाकट्याचा आहे. कारखाना आम्हा दोघांना बाबांकडून मिळाला, माझ्या देण्याघेण्याचा त्याच्याशी संबंध नाही. माझा अर्धा हिस्सा बुटकीला मिळावा. बापलेकींनी मध्ये भिंत घालू नये. धाकटा पुढच्या खोलीत बसतो, गिऱ्हाइकाशी बोलतो, बिले करतो. मी मागे काम करते. मधल्या दाराला पडदा आहे. गेली कित्येक वर्षे त्याने तो पडदा ओलांडलेला नाही. दाराशी येऊन, पडद्याच्या पलीकडून विचारतो, "झालं का गं ते निळ्या गाडीचं?" मी आतून ओरडते, "झालं." एका कारखान्यात दोघे जण किती काळ असे काम करू शकतात हे मला कोणी आधी सांगितले असते तर विश्वास बसला नसता.

कलम ३. बँकेतली शिल्लक. आधी हॉस्पिटलचे बिल. त्यातून जे वाचेल ते लेथवाले काकांना द्यावे. काका बाबांच्या काळापासून आमच्याकडे लेथ चालवतात. लेथ यंत्रही त्यांनाच द्यावे. हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "घरी नेऊन काय करू? त्यावर कपडे वाळत घालू?" मी म्हटले, विका. ते म्हणाले, "विकायचं असेल तर देऊ नकोस." तेव्हा लेथ काकांची, जागा कारखान्याची, आणि जोपर्यंत त्यांना यावेसे वाटते तोपर्यंत त्यांनी यावे. कामासाठी आलेच पाहिजे असे नाही. नुसते येऊन सगळ्यांना नावे ठेवली तरी चालेल, ते आताही तेच करतात.

कलम ४. हत्यारे. माप लावून आवळायचा मोठा पाना बुटकीला. तो वापरून झाला की त्याचे माप शून्यावर आणून ठेवायचे असते, ती विसरते. बाकी पान्यांचा कप्पा कारखान्यातच राहावा. वकीलबाईंनी विचारले, "हे एकेक लिहायलाच हवं का? जंगम मालमत्ता म्हटलं की त्यात सगळं येतं." मी म्हटले, येत असेल, पण पाना आणि माणूस यांची गाठ कोणी घालून द्यायची? त्यांनी पान उलटले. शेजारच्या टायरवाल्याने चुंबकाचा स्टँड 'आत्ता आणून देतो' म्हणून नेला होता. तो मी या कलमाने त्याला कायमचा देते, म्हणजे निदान यापुढे त्याला तो उजळ माथ्याने वापरता येईल.

कलम ५. गाडी. मागच्या खोलीत चार स्टँडवर एक जुनी चारचाकी उभी आहे. बाबांनी ती आम्हाला शाळेत सोडण्यासाठी घेतली होती. धाकट्याने तिच्यात मोठे इंजिन घालून तिला सरळ रेषेतल्या शर्यतीची गाडी केली. या शर्यतीत दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, खांबावर हिरवा दिवा लागतो, आणि श्वास रोखून धरला तर सोडायच्या आत सगळे संपते. ही गाडी माझी आहे, धाकट्याने त्याच्या अपघातानंतर ती मला लिहून दिली. ती मी बुटकीला देते, कलम सातमधल्या अटीवर.

बाहेरच्या माणसाला वाटते शर्यत इंजिन जिंकते. शर्यत जिंकली किंवा हरली जाते ती पहिल्या झेपेत. मैदानावर तिला लाँच म्हणतात. माणसे मरतात तीही बहुधा तिथेच. रस्त्यावर क्लच एकदम सोडला तर टायर घसरतो आणि घसरून आतल्या सगळ्या भागांची सुटका करतो. शर्यतीच्या पट्टीवर जमीन चिकट असते, टायर रुंद आणि मऊ असतात, ते घसरत नाहीत. मग इंजिनाचा सगळा हिसका क्लच, गिअरबॉक्स, मागे जाणारा लांब शाफ्ट, तो जोर दोन चाकांत वाटणारा डिफरन्शिअल आणि चाके फिरवणारे एक्सल यांच्या अंगावर येतो आणि त्यांच्यातला जो सर्वांत कच्चा तो तुटतो. त्याला जाड केले की पाळी पुढच्यावर जाते. पुढच्याला जाड केले की त्याच्या पुढच्यावर. हे कुठेतरी थांबवावे लागते, आणि कुठे थांबवायचे ते आपण ठरवावे, गाडीवर सोडू नये. एवढेच मला माझ्या आयुष्यात नक्की कळले आहे असे म्हणता येईल.

बुटकीला शर्यतीत उतरायचे आहे. मी तिला त्या दिशेने ढकललेले नाही असे मला वाटते, पण जिच्या हातात मी पहिल्यांदा पाना दिला तिच्याबद्दल असे छातीठोक म्हणणे बरे नव्हे. तिच्यासाठी मी गेली काही वर्षे ही गाडी नव्याने बांधली. क्लचभोवती जाड पोलादाचे कवच घातले, म्हणजे चकती फुटली तर तुकडे पायांकडे येणार नाहीत. शाफ्टभोवती पुढे आणि मागे पोलादी कडी बसवली, म्हणजे शाफ्ट निखळला तर जमिनीत रुतून गाडी उचलणार नाही. एक्सल जाड केले आणि त्यांना चाकाच्या बाजूने धरून ठेवणारे कुलूप लावले, म्हणजे एक्सल मध्येच तुटला तरी चाक गाडीसोबत राहील. क्लच असा बसवला की तो एकदम न पकडता क्षणभर घसरत पकडतो. मैदानावरचे लोक म्हणतात, असा क्लच म्हणजे गाडी मंद. त्यांना म्हणू द्यावे. टायरला धक्का बसला नाही की तो जमीन सोडत नाही, आणि जमीन न सोडणारी गाडी आधी निघते.

मागचा क्रॉस मात्र लहान मापाचाच आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना चार हातांचे फिरते सांधे असतात, त्यांना आम्ही क्रॉस म्हणतो. बुटकीने खालून बघितले आणि बाहेर येऊन म्हणाली,

"आत्या, बाकी सगळं हत्तीचं आणि मागचा क्रॉस हा एवढासा? विसरलीस का?"

"नाही."

"अगं, पण पहिला तोच तुटेल."

"तुटू दे."

"हे काय उत्तर झालं?"

मी तिला तेव्हा पुढचे सांगितले नाही, कारण पुढचे तिच्या बापाबद्दल होते.

कलम ६. तो क्रॉस लहान का आहे. हे कलम मी तीनदा फाडले आणि पुन्हा लिहिले. मृत्युपत्रात याची जागा नाही असे वकीलबाईंचे मत आहे. मला दुसरी जागा सुचत नाही.

मागचा क्रॉस तुटला तर एक मोठा आवाज होतो, शाफ्ट कड्यात पडून खडखडतो, गाडीचा जोर जातो आणि गाडी सरळ रेषेत हळूहळू थांबते. चालवणारा उतरतो, दोन शिव्या घालतो आणि गाडी ढकलत नेतो. त्याहून भयंकर काही होत नाही. म्हणून धाकट्याच्या काळातही मी मागचा क्रॉस मुद्दाम कच्चा ठेवत असे. तुटायचेच असेल तर इथे तुटावे.

अपघाताच्या आधीच्या शर्यतीत तो तुटला. हिरवा लागला, धाकट्याची गाडी वीतभर हलली आणि ठक्क करून थांबली. लोक हसले. कोणीतरी ओरडले, "बहिणीला सांग, बिस्किटं चहाबरोबर दे, गाडीत घालू नको!" धाकट्याने गाडी ढकलत नेली. घरी येताना गाडी वाहून आणणाऱ्या टेम्पोत आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. मी म्हटले, "सरळ थांबलास ना?" तो म्हणाला, "थांबायला गेलो होतो का मी?"

पुढच्या शर्यतीत क्रॉस तुटला नाही. एक्सल तुटला, अगदी चाकाजवळ. त्या काळी आमच्या गाडीत एक्सल फक्त आतल्या टोकाला अडकवलेला असे. बाहेरचे कुलूप पुढच्या हंगामात बसवू असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले होते. चाक एक्सलचा तुकडा घेऊन निघून गेले आणि गाडी भिंतीवर गेली. धाकट्याचा उजवा गुडघा त्या दिवसापासून वाकत नाही.

तो हॉस्पिटलात असताना मी गाडी उघडली. मागचा क्रॉस मोठ्या मापाचा होता. मी बसवलेला नव्हता. त्याच्या बोल्टवर खूण नव्हती, पांढरी नाही आणि पिवळी नाही. आमच्या कारखान्यात ज्याने बोल्ट आवळला तो त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारतो आणि दुसऱ्या कोणीतरी हात लावून तपासल्यावर तो दुसरा शेजारी पिवळी रेघ मारतो. बाबांचा नियम असा की एकाच हाताच्या दोन खुणा चालत नाहीत. बिनखुणेचा बोल्ट त्या गाडीत दुसरा एकही नव्हता.

धाकट्याला शुद्ध आली तेव्हा त्याने पहिला प्रश्न केला, "एक्सल तुटला का?" मी म्हटले, "हो." त्याने डोळे मिटले. त्या 'हो'मध्ये मला सगळेच कळले आहे हे त्याला समजले असे मी धरून चालले. त्याने बहुधा धरले की मला काहीच कळलेले नाही. नंतर मैदानावर 'आक्काचा एक्सल' हा शब्द रूढ झाला. माझ्याकडे एक्सल करायला कोणी येईना, म्हणून मी गिअरबॉक्सकडे वळले. धाकटा पुढच्या खोलीत बसून हे सगळे ऐकत होता.

मी रागावले आहे का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. त्याने क्रॉस बदलला याचा राग नाही. हसणाऱ्या लोकांपुढे गाडी ढकलत नेणे काय असते ते मला ठाऊक नाही, मी कधी त्या सीटवर बसले नाही. लोक एक्सल म्हणत होते तेव्हा तो गप्प राहिला याचा राग आहे. आणि तो राग मी इतका सांभाळून ठेवला, की आता तो माझ्या मालमत्तेत धरावा लागेल. तो मी कोणालाही देत नाही. तो माझ्याबरोबर संपावा.

तरीही हे लिहिले, कारण बुटकीचा क्रॉस तुटणार आहे. पहिल्या नाही तर तिसऱ्या शर्यतीत, सगळ्यांसमोर. लोक हसतील. त्याच संध्याकाळी तिला मोठा क्रॉस बसवावासा वाटेल, आणि ती तिच्या बापाची मुलगी असल्यामुळे कोणाला विचारणार नाही. बुटके, त्या संध्याकाळी हे कलम पुन्हा वाच. तुझा बाप वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कोणी हसलेले खपत नव्हते. तुलाही खपत नाही.

कलम ७. अट. गाडीतल्या प्रत्येक बोल्टवर माझ्या हाताची पांढरी खूण आहे. पिवळी एकावरही नाही. प्रत्येक पांढऱ्या खुणेशेजारी पिवळी खूण झाल्याशिवाय ही गाडी पट्टीवर नेऊ नये. काका खुणा करायला तयार आहेत, पण आता त्यांना बोल्ट आणि बटण यातला फरक कळायला चष्मा लागतो, आणि तोही बहुधा त्यांना सापडत नाही. बुटकीने स्वतः करू नयेत. ज्याला गाडीत बसायची घाई आहे त्याच्या डोळ्यांना सगळे घट्ट दिसते. पिवळ्या खुणा अशा माणसाने कराव्यात, ज्याने हा हिसका स्वतःच्या पाठीवर सोसला आहे आणि कोणता आवाज कुठून येतो हे ज्याला सीटवर बसल्याबसल्या कळते. असा माणूस आमच्या घरात एकच आहे.

धाकट्याने नकार दिला तर तो त्याचा हक्क आहे. मुलगी त्याची आहे. मग गाडी उघडावी, भाग विकावेत आणि बुटकीने त्याच्याशी भांडू नये. ती भांडेलच, तरी लिहून ठेवते. मी त्याला एकदा पडद्याआडून विचारले होते.

"बुटकीची गाडी तपासतोस का?"

"कुठली गाडी?"

"किती आहेत आत?"

त्याने बिलांचे कागद वाजवले. मग म्हणाला, "तिला सांग, लग्न कर नाहीतर बँकेत लाग. काहीही कर."

"तू सांग."

"माझं ऐकते का ती!"

"मग माझं तरी कशाला ऐकेल?"

त्यानंतर फोन वाजला आणि तो गिऱ्हाइकाशी बोलू लागला. माझ्यानंतर हा प्रश्न त्याला कोणीही विचारणार नाही. बुटकी मानी आहे, ती विचारणार नाही. काका घाबरतात. भावजय म्हणते, "आक्का, त्या पडद्याचं तुमचं तुम्ही बघा." मी सोमवारी गेले आणि परत आले नाही तर गाडी धूळ खात उभी राहील, किंवा त्याहून वाईट म्हणजे एक दिवस बुटकी घरच्यांना न सांगता पिवळ्या खुणेशिवायच ती बाहेर काढेल. मला झोप लागत नाही ती झडपेमुळे नव्हे.

कलम ८. माझ्यामागे. माझ्या नावाने चषक ठेवू नये. कारखाना एक दिवस बंद ठेवला तर पुरे, दुसऱ्या दिवशी उघडावा, कारण पिवळ्या व्हॅनवाल्याचा गिअरबॉक्स मी उघडा टाकून जात आहे आणि त्याचा धंदा अडला आहे. माझ्याबद्दल बोलताना 'फार हुशार होती' असे म्हणू नये. मी सावध होते, तेवढे म्हणावे.

कलम ९. माझा भाऊ. धाकट्याला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. घर नाही, हत्यार नाही, पैसा नाही. वाचणाऱ्याला वाटेल आक्काने शेवटी उट्टे काढले. कारण वेगळे आहे. वकीलबाईंनी मला समजावले की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते, त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार होऊ नये, देणगीच धोक्यात येते. साक्षीदाराने फक्त एक करायचे असते. सही करणाऱ्याच्या खोलीत हजर राहायचे आणि सही होताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे.

मी साक्षीदार म्हणून धाकट्याला निवडले आहे. म्हणून त्याला काही नाही, आणि म्हणूनच भावजयीला जे द्यायचे ते मी आधीच हातोहात दिले. सहीची जागा मी ठरवू शकते असे वकीलबाई म्हणाल्या. मी ही सही मागच्या खोलीत, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून करणार आहे. ही लबाडी आहे का याचा मी विचार केला. आहे. पण कोणाला फसवणारी नाही. तो पडद्याशी थांबला तर दुसरा साक्षीदार म्हणून टायरवाल्याला बोलवावे, मग कलम चारमधला स्टँड त्याला मिळाला नाही तरी चालेल. तो उत्साहाने येईल आणि जाताना काहीतरी घेऊन जाईल.

सहीपूर्वीची नोंद. वरचे सगळे काल लिहून झाले. आज सकाळी वकीलबाई आल्या. मी बॉनेट पुसले, कागद मांडले, पिवळ्या रंगाचा नवा डबा आणि ब्रश बाजूला ठेवला. जुना डबा केव्हाच दगड झाला होता. मग पडद्याकडे तोंड करून हाक मारली.

"धाकट्या, साक्षीची सही हवीय."

"इकडे पाठव कागद."

वकीलबाई म्हणाल्या, "तसं चालत नाही हो. तुमच्यासमोर सही व्हायला लागते."

"मग आक्काला इकडे पाठवा."

"आक्का इकडेच सही करणार आहेत."

पडद्यापलीकडे धाकट्याची काठी हलल्याचा आवाज आला. काका लेथपाशी उभे होते. ते म्हणाले, "अरे, ये की. आत काय वाघ बांधलाय?" धाकटा म्हणाला, "काका, तुम्ही गप्प बसा." काका म्हणाले, "गप्प बसायचा पगार वेगळा पडेल."

माझी छाती जोरात वाजत होती आणि ती झडप आहे की मी, हे मला सांगता येत नव्हते. मी पेन उघडून धरले होते. पडदा आधी काठीने बाजूला झाला, मग तो आत आला. दारापासून गाडीपर्यंत तो जमिनीकडे बघत चालला. बॉनेटवर हात ठेवला, बाबा ठेवायचे तसा, तळवा पसरून. वकीलबाईंनी सांगितले की साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. मी म्हटले, "पण तू वाच. सहावं कलम तरी. तुला उत्तर द्यायचं असेल तर मी जिवंत असताना दे."

तो म्हणाला, "त्यात काय असणार ते मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू हॉस्पिटलात हो म्हणालीस तेव्हापासून."

काकांनी लेथ उगाचच चालू केली आणि बंद केली. धाकटा गाडीच्या मागच्या बाजूला बघत होता. त्याने विचारले, "मागचा कोणता घातलायस?"

मी म्हटले, "आधी सही होऊ दे. मग तूच बघ."

हे मी त्याच्यादेखत लिहीत आहे आणि तो म्हणतो आहे की एवढा वेळ लागणार असेल तर खुर्ची दे. वरील सर्व कलमे माझ्या इच्छेप्रमाणे आहेत. पानोपानी खाली मी आद्याक्षर केले आहे, खाडाखोडीशेजारीही. आता सही करते.

सही: आक्का

स्थळ: कारखान्यातली मागची खोली, गाडीच्या बॉनेटवर
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार, १४ नोव्हेंबर

साक्षीदार पहिला: वकीलबाई. सही करणाऱ्या बाईंनी पूर्ण शुद्धीत, माझ्या आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या समक्ष सही केली. दुसरा साक्षीदार गाडीखाली असल्याने त्यांची सही थोड्या वेळाने झाली. तोवर आम्ही दोघी तिथेच थांबलो होतो.

साक्षीदार दुसरा: धाकटा. आक्काने माझ्यासमोर सही केली. मी मजकूर वाचला नाही. चाके लावलेल्या फळीवर झोपून मागचा क्रॉस बघितला, हात लावला. लहानच आहे. त्याच्या चारही बोल्टवर पिवळी खूण केली. एक्सलही बघितले. एक्सलमध्ये तेव्हाही दोष नव्हता, हे इथे लिहून ठेवतो. बाकीच्या खुणा आक्का परत आल्यावर करीन, ती समोर उभी असताना. बुटकीला दिवा धरायला सांगावे.